पेरणीचा दिवस कुणी ठरवायचा?

मराठवाड्यातून एका ताईंचं पत्र आलंय. वय ३६. पाच एकर कोरडवाहू जमीन, त्यातली दोन एकर काळी, तीन एकर मुरमाड. विहीर आहे, पण फेब्रुवारीनंतर तळ दिसतो. नवरा पुण्यात कंपनीत कामाला, महिन्यातून एखादी चक्कर. घरी त्या, दोन मुली आणि सत्तरीचे सासरे, ज्यांना त्या मामा म्हणतात. पत्रातला मुख्य भाग असा:

“गेल्या वर्षी मे महिन्यातच धो धो पाऊस झाला. मिस्टरांचा फोन आला, मॉन्सून आलाय, बातम्यांत दाखवतायत, पेरून घे. मामा म्हणत होते, मृग तरी लागू दे. मी ह्यांचं ऐकलं. दोन पानांवर आलेलं सोयाबीन डोळ्यांदेखत करपलं. उसनवारी करून दुबार पेरणी केली. जे हाताला येणार होतं ते सप्टेंबरच्या पाण्यात उभं सडलं. मामा एका शब्दानं बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागतं. गावात मात्र बोलतात, बाईच्या हातात शेती गेली की असंच व्हायचं. यंदा हे मोबाइलवर रोज तीन-तीन अंदाज पाठवतात, मामा पंचांग उघडून बसतात आणि मला आभाळाकडे बघायचीच भीती वाटते. मी कुणाचं ऐकू? का सरळ बटईनं देऊन मोकळी होऊ?”

ताई,

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही लिहिलेलं नाही, पण ते प्रत्येक ओळीआड ऐकू येतं: मी मामांचं ऐकलं असतं तर पीक वाचलं असतं. आधी त्याकडे बघू, कारण ते मनात धरून यंदाची पेरणी नीट व्हायची नाही.

२०२५ साली मॉन्सून केरळात २४ मेला आला आणि २६ मेला मुंबईत. मुंबईची सरासरी तारीख ११ जून. म्हणजे सोळा दिवस आधी, आणि गेल्या पंचाहत्तर वर्षांच्या नोंदींत इतक्या लवकर तो मुंबईत कधी आला नव्हता. मग महिनाअखेरीस त्याचं पाऊल अडलं ते जूनच्या मध्यापर्यंत. तुम्ही पेरलंत तेव्हा जमीन ओली होती आणि बातमी खरी होती. पुढचे दोन आठवडे कोरडे गेले. आता मामांच्या म्हणण्याप्रमाणे मृग लागल्यावर, आठ-नऊ जूनला पेरलं असतं, तर तेही त्याच उघडिपीत सापडलं असतं. कदाचित तगलं असतं, कदाचित नसतं. आणि सप्टेंबरच्या पुरानं कुणी कधी पेरलं हे विचारलं नाही. ज्यांनी सगळं वेळेवर केलं त्यांच्याही शेतात गुडघाभर पाणी होतं. गेल्या वर्षीच्या नुकसानीतलं फक्त पहिलं बियाणं आणि पहिली पेरणी तुमच्या निर्णयाच्या खात्यात टाका. बाकीचं त्या खात्यातलं नाही.

आता मामांचं पंचांग. मी ते बाजूला सारणार नाही. पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात, म्हणून तिथ्या मागेपुढे झाल्या तरी मृग दरवर्षी सात-आठ जूनलाच लागतो. एका नक्षत्रात सूर्य तेरा-चौदा दिवस असतो. पिढ्यान्‌पिढ्या बघून लोकांनी त्या तेरा-चौदा दिवसांना स्वभाव जोडले: मृगाची पेरणी, आर्द्रेची झड, स्वातीचे माणिक-मोती. मामांच्या डोक्यात पन्नास पावसाळ्यांची सरासरी आहे आणि ती तुमच्या शेताची आहे, पुण्याची नाही. ही मोठी ठेव आहे. पण सरासरी ती सरासरीच. २०२३ साली मॉन्सून मुंबईत २५ जूनला पोहोचला, २०२५ साली २६ मेला. बरोबर तीस दिवसांचा फरक, आणि सूर्य मात्र दोन्ही वर्षी ठरल्या दिवशीच मृगात गेला. पंचांगात यंदा नक्षत्राचं वाहन बेडूक दिलंय की गाढव, यावरून तर पाण्याचा काहीच हिशेब लागत नाही. मामांना हे तोंडावर सांगायची गरज नाही. त्यांच्याकडून दुसरं काही घ्यायचं आहे, ते पुढे सांगते.

मोबाइलवरचा अंदाज कसा वाचायचा हे मात्र जरा सावकाश बघू, कारण गेल्या वर्षीची गफलत तिथेच झाली. “मॉन्सून राज्यात दाखल” ही बातमी वाऱ्यांविषयी आणि मोठ्या भूभागाविषयी असते. तुमच्या पाच एकरांत पेरण्याइतकी ओल झाली, असं तिच्यात कुठेही म्हटलेलं नसतं. हवामान खात्याच्या शब्दांनाही ठरलेले अर्थ आहेत, आणि ते कुणी समजावून सांगत नाही. “तुरळक ठिकाणी पाऊस” म्हणजे त्या भागातल्या फार तर पाव केंद्रांवर पाऊस. “काही ठिकाणी” म्हणजे निम्म्यापर्यंत. “मुसळधार” हा शब्द दिवसाला साधारण ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस धरला की वापरतात. जिल्ह्यासाठी “तुरळक ठिकाणी मुसळधार” असा इशारा आला, तर तुमच्या शिवारात थेंबही न पडणं पूर्ण शक्य आहे आणि अंदाज तरीही बरोबर ठरतो. “खातं खोटं बोलतं” असं आपण म्हणतो ना, त्यातल्या निम्म्या वेळा आपण जिल्ह्याचं उत्तर आपल्या बांधाला लावलेलं असतं.

पेरणीसाठी तुम्हाला उद्याच्या पावसाचा अंदाज फारसा उपयोगाचा नाही. उगवून आल्यावर पुढचे पंधरा दिवस कोरडे जाणार आहेत का, एवढं हवंय. त्यासाठी दोन गोष्टी बघा. हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचा अंदाज देतं. आणि दर मंगळवारी व शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला निघतो, पुढच्या पाच दिवसांच्या पावसासह. तो मराठीत असतो आणि ‘मेघदूत’ ॲपवरही मिळतो. व्हॉट्सॲपवर फिरणारे बाकीचे सगळे नकाशे आणि स्वतःच्या नावानं अंदाज सांगणारे व्हिडिओ यंदा बंद करून बघा. डोकं शांत राहील.

तुमच्या मिस्टरांना हेच काम द्या. पुण्याहून “पेर” किंवा “थांब” हा हुकूम नको. आठवड्यातून तीनदा, मंगळवारी, गुरुवारी, शुक्रवारी, त्यांनी सल्ला वाचून दोन ओळी पाठवायच्या: पाच दिवसांत किती पाऊस धरलाय आणि दोन आठवड्यांत खंड दिसतोय का. लांब राहणाऱ्या माणसाला शेताची काळजी असते, अपराधीपणही असतं, आणि ते बहुतेक वेळा सूचनांमधून बाहेर पडतं. नेमकं काम मिळालं की ती काळजी कामी येते. त्यांना साधं सांगा, “अहो, आकडे तुम्ही द्या, ओल मी बघते.”

आणि ओल बघायची म्हणजे हाताला माती लागली पाहिजे. तुमच्या काळ्या रानात उन्हाळ्यात मनगट जाईल एवढ्या भेगा पडत असतील. पहिला मोठा पाऊस सरळ त्या भेगांत उतरतो. वरून चिखल दिसतो आणि बोटभर खाली ढेकूळ कोरडं ठणठणीत. म्हणून जुने लोक म्हणतात, ओलीला ओल मिळू दे. खुरप्यानं वीतभर खणा. तळापर्यंत गारवा लागला पाहिजे. मग तिथली मूठभर माती दाबून लाडू करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. लाडू वळलाच नाही तर ओल कमी. पडून तसाच चिकटून बसला तर अजून चिखल आहे, पाभर, म्हणजे पेरणीचं औत, घातली तर बी दडपेल. पडल्यावर फुटून रवाळ झाला तर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला. ही परीक्षा रानात तीन-चार जागी करा, कारण तुमची काळी आणि मुरमाड जमीन एकाच पावसानंतर वेगवेगळ्या दिवशी वाफशावर येणार.

मामांकडून घ्यायचं म्हणाले ते हेच. वाफसा ओळखणारा हात त्यांच्याकडे आहे आणि तो कुठल्याही ॲपमध्ये नाही. “मामा, रानात येता का, घात आली का ते जरा बघू” असं म्हणून त्यांना घेऊन जा. मला वाटतं ते गप्प आहेत ते रागानं नव्हे. आपला शब्द आता घरात चालत नाही, असं त्यांना वाटत असणार. पंचांग उघडून बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला रानात बोलावणं, यापेक्षा मोठा मान नाही.

सोबतीला एक पर्जन्यमापक हवा. विकत आणायची गरज नाही. तोंडापासून बुडापर्यंत सारख्या रुंदीचा, सपाट बुडाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, झाडापासून आणि घराच्या वळचणीपासून लांब, उघड्यावर, दगडांत घट्ट बसवा. रोज सकाळी साडेआठला आत पट्टी धरायची, मिलिमीटर वाचायचे, डबा रिकामा करायचा. खात्याची नोंदही साडेआठलाच होते. हे काम मोठ्या मुलीला द्या, वहीसकट. तारीख, मिलिमीटर आणि एखादी ओळ: “वारा सुटला”, “पावशा ओरडला”, “काळ्या रानात पाणी साचलं”. माझे वडील भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात पेन्सिलीनं असंच लिहीत. ते गेल्यावर बाकी कागद रद्दीत गेले, ती कॅलेंडरं मात्र आम्ही जपून ठेवलीत. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. तुमच्या पाच एकरांवर नुसता दहा मिलिमीटर पडला तरी दोन लाख लिटर होतात. हे मुलीला सांगा, तिला गंमत वाटेल.

कृषी विद्यापीठं आणि कृषी विभाग खरिपासाठी सांगतात की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. हा आकडा तुमच्या डब्यातला धरा, टीव्हीवरचा नको. आणि गेल्या वर्षीचा अनुभव बघता माझं स्वतःचं म्हणणं असं, की मे महिन्यातला पाऊस या बेरजेत घेऊच नका. गेल्या मेमध्ये अनेक गावांत तो आकडा केव्हाच पार झाला होता. पण त्या दिवसांतलं ऊन आणि वारा वरची बोटभर ओल चार दिवसांत ओढून घेतात, आणि सोयाबीन तर तीन ते पाच सेंटिमीटरवरच पेरायचं असतं. मेचा पाऊस कुळवाच्या पाळीला वापरा, तण उगवू द्या आणि मोडा.

“पण उशीर झाला तर?” शेजारच्या रानात पाभर चालू झाली की पोटात गोळा येतो, मला ठाऊक आहे. म्हणून मुदती पाठ असू द्या. मूग-उडीद जुलैच्या पहिल्या आठवड्याच्या आत पेरलेले बरे, नंतर त्यांत राम नाही. सोयाबीन जुलैच्या मध्यापर्यंत चालतं. तूर त्याच्याही पुढे काही दिवस चालते. पाऊस फारच लांबला तर तूर, बाजरी, सूर्यफूल आहेत. वीस जूनला पेरलं म्हणून वर्ष जात नाही. शेजाऱ्याची घाई हा पावसाचा अंदाज नाही.

माझा सगळ्यात जास्त भर मात्र पुढच्या गोष्टीवर आहे. सगळं बी एकाच दिवशी जमिनीत घालू नका. दोन एकर काळी जमीन ओल धरते, ती पहिल्या चांगल्या वाफशावर पेरा. मुरमाड तीन एकर पुढच्या पावसासाठी थांबू द्या, तिला कोरडे दिवस सोसत नाहीत. नुसतं सोयाबीनही नको. सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन ओळी घ्या. सोयाबीन शंभर दिवसांच्या आसपास निघतं, म्हणजे काढणी नेमकी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसात सापडू शकते. तूर तेव्हा अजून फुलायची असते. पाणी साचलं तर तिलाही सोसत नाही, म्हणून काळ्या रानात रुंद वरंबा-सरी करा, ज्याला गावात सगळे बीबीएफच म्हणतात. खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते, अति झालं तर सरीतून पाणी निघून जातं. ट्रॅक्टरवाल्याकडे ते यंत्र आहे का, हे आत्ताच विचारून ठेवा. वाफसा आल्यावर सगळ्यांना तोच हवा असतो.

आणि समजा, एवढं करूनही उगवल्यावर पावसानं ओढ दिली, तर लगेच दुबारचा विचार करू नका. आधी कोळपणी. वरची पापडी फुटली आणि भेगा बुजल्या की आतली ओल उडायची थांबते. मग सकाळी ओळीत बसून एका मीटरमधली रोपं मोजा. ४५ बाय ५ सेंटिमीटरवर पेरलं तर मीटरला वीसच्या आसपास हवीत. निम्म्याहून जास्त जिवंत असतील तर तुटाळ, म्हणजे ओळीतल्या रिकाम्या जागा, भरून घ्या. दुपारच्या उन्हात माना टाकलेलं सोयाबीन बघून निर्णय घेऊ नका, दुपारी ते मेल्यासारखंच दिसतं.

बटईचं म्हणाल, तर त्यात काही गैर नाही. थकलेल्या माणसानं रान दुसऱ्याला देणं ही हार नाही, आणि गावानं कितीही बोलू दे, तुमच्या पाठीत दुखतं ते गावाला कळत नाही. पण बटईनं दिल्यावर आभाळाची भीती जाईल, हा समज एकदा तपासा. बटईत उत्पन्न निम्मं येतं आणि नुकसानही निम्मं तुमच्याच पदरात पडतं. वर पेरणीचा दिवस तिसराच कुणीतरी ठरवतो. ठोक्यानं दिलं तर पैसा ठरलेला मिळतो, पण कमी. शिवाय असे व्यवहार पाडव्याच्या सुमारास ठरतात. आता मेमध्ये घाबरून द्यायला निघालात तर समोरच्याला ते दिसतं. तीन एकर मुरमाड ठोक्यानं देऊन दोन एकर काळी आणि विहीर स्वतःकडे ठेवणं, हा मधला रस्ता आहे. तोही मी दिवाळीनंतर, हिशेबाची वही पुढ्यात घेऊन, तिघांनी बसून ठरवा असं म्हणेन. मुलींच्या शाळेची वर्षं, मिस्टरांच्या नोकरीचा भरवसा आणि तुमची तब्येत, हे तिन्ही त्या बैठकीत आलं पाहिजे.

“बाईच्या हातात शेती गेली” म्हणणाऱ्यांना उत्तर देऊ नका. पाच एकर, दोन मुली, एक म्हातारा माणूस आणि दुबार पेरणीनंतर परत उभं केलेलं पीक, एवढं तुम्ही एकटीनं केलंत. ते मला तुमच्या पत्रातूनच कळलं, तेही तुम्ही ते सांगायला म्हणून लिहिलं नव्हतं. पेरणीचा दिवस तुम्हीच ठरवायचा. मिस्टरांचे आकडे, मामांचा हात, मुलीची वही हे सगळं समोर असेल, पण “आज” हा शब्द तुमच्या तोंडून निघू द्या. आणि निघाल्यावर, पाऊस कसाही वागला तरी, घरात कुणी तो माघारी घ्यायचा नाही, हे त्या तिघांकडून आधीच कबूल करून घ्या.

एक काळजी आणखी. जूनच्या आधीच्या आठवड्यांत दुपारनंतर विजा पडतात आणि तुम्ही रानात एकट्या असता. गडगडाट ऐकू आला की काम टाकून घर गाठा, झाडाखाली थांबू नका. विजांचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये घालून ठेवा.

सगळ्यात आधी करायचं काम बियाण्याचं आहे. घरचं सोयाबीन बी म्हणून ठेवलं असेल तर ते सप्टेंबरच्या पाण्यात भिजलेलं असण्याची शक्यता फार आहे, आणि सोयाबीनचं साल इतकं पातळ असतं की पोतं उंचावरून टाकलं तरी डाळ फुटते. सरसकट शंभर दाणे मोजून घ्या, निवडून नको. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडा, गुंडाळून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. आठवड्यानं उघडून मोजा. सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी तीस किलो पुरतं. साठ-सत्तरच्या मध्ये आले तर बियाणं थोडं वाढवा. साठच्या खाली गेले तर ते बी पेरायचं नाही, नव्याची सोय आत्ताच बघा. उद्या सकाळीच गोणपाट भिजवा, आणि किती उगवले तो आकडा मला कळवा.